मेलेल्याचं बारसं

विसाजी पडवीच्या पायरीवर बसला होता आणि त्याला पाणी द्यायचं की नाही, हे घरात कुणालाच ठरवता येत नव्हतं.

माणूस उन्हातून आला होता. टाचा फुटलेल्या, दाढी छातीवर, अंगावरचा पंचा मिठाने ताठ झालेला, शेजारी एक गाठोडं. वाटेने जाणाऱ्या परक्यालाही कुणी घोटभर पाणी नाकारत नाही. पण हा याच घरातला धाकटा मुलगा होता, आणि याच घराने दोन वर्षांपूर्वी त्याला जाळलं होतं. कोकणात कुलदैवताच्या दर्शनाला गेला तो समुद्रात गेला, असं कोळ्यांनी सांगितलं. त्यांनी आणून दिलं ते त्याचं उपरणं आणि खडावा. देह मिळाला नाही, म्हणून शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि थोरल्या भावाने, त्र्यंबकपंतांनी, ओंकारेश्वराच्या घाटावर त्याला अग्नी दिला. नारळ फुटल्याचा आवाज त्यांना अजून झोपेत ऐकू यायचा.

"धोंडभटजी येईपर्यंत कुणी काही करायचं नाही," ते म्हणाले. फडावरची लिखापढी टाकून तसेच निघून आले होते, पागोटंही उतरवलं नव्हतं.

"पाणीसुद्धा?" गिरिजेने, त्यांच्या बायकोने, आतून विचारलं.

"पिंड घेतलेल्या माणसाला पाणी कसं द्यायचं ते त्यांनाच ठाऊक."

"पिंड कावळ्याने नेला असेल, दादा," पायरीवरून आवाज आला. "मला काही मिळालं नाही."

गिरिजा बाहेर आली. एका हातात तांब्या, दुसऱ्यात गुळाचा खडा. विसाजीपासून हातभर अंतरावर तिने दोन्ही खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पाप लागलंच तर माझं म्हणून सांगा."

विसाजी पाणी प्यायला. त्र्यंबकपंत त्याच्या गळ्याची हालचाल बघत राहिले. जिवंत माणसाचा गळा होता. मग दोन वर्षं आपण ज्याच्यासाठी डोळे टिपले, ज्याच्या नावाने तर्पण केलं, तो कोण होता?

"निरोप का नाही धाडलास?"

"धाडणार होतो."

"मग?"

"राहिलं," विसाजी म्हणाला.

धोंडभटजी आले ते जेवणावरून उठून. पायरीसमोर उभं राहून त्यांनी विसाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग त्याच्या पायाशी बघितलं. "सावली पडतेय. म्हणजे निम्मं काम झालं."

"भटजी, थट्टा नको," त्र्यंबकपंत म्हणाले. "याला वाट आहे का?"

"आहे. का नसेल? तुम्हीच काही पहिले नव्हे घाई करणारे." ते ओसरीवर टेकले. "ज्याची उत्तरक्रिया झाली तो परत आला, तर त्याने पुन्हा जन्माला यायचं. मोठी काहील घ्यायची, तुपाने भरायची, त्यात त्याला बसवायचं. तो गर्भवास. बाहेर काढलं की न्हाऊ घालायचं. मग जातकर्म, बारसं, जावळ, मुंज, सगळं पहिल्यापासून. काही दिवस व्रतस्थ राहायचं. आणि मग लग्न."

"कुणाशी?"

"त्याच बायकोशी. ती नसेल तर दुसरी."

माजघराच्या दाराआड या वेळी काकणं वाजायला हवी होती. वाजली नाहीत, कारण विसाजीच्या बायकोच्या, सगुणेच्या, हातात काकणं नव्हती.

"वैशाखात याच्या ठकूचं लग्न आहे," त्र्यंबकपंत आवाज खाली आणून म्हणाले. "बापाची मुंज आणि लेकीचं लग्न एका मांडवात? सोयरे पहिल्या पंगतीतून उठून जातील. कडक माणसं आहेत ती. पोरीचे वडील वारले म्हणून दया आली, म्हणून होकार दिला त्यांनी."

"मग बापाची आधी उरका. बटू मोठा आहे, मंत्र पाठ असतील."

त्र्यंबकपंतांनी भावाकडे बघितलं. परत जा, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं होतं. रात्र पडायच्या आत कात्रजचा घाट चढ, कुणी पाहिलेलं नाही, असं. त्यांना स्वतःचीच शिसारी आली आणि त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

*

मागल्या दारी न्हावी आला होता. आज सगुणेच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा दिवस होता. गिरिजेने त्याला अंगणातच थांबवलं.

"आज नको."

"मग उद्या येऊ का, वहिनीसाहेब?"

"उद्याही नको. सांगावा धाडीन तेव्हा ये. नाही धाडला तर येऊच नकोस."

आत येऊन तिने दाराला कडी लावली. सगुणा भिंतीशी बसली होती, विधवेचं लाल आलवण कपाळापर्यंत ओढलेलं, आणि दाराच्या फटीतून पडवी बघत होती. पंचविशीची पोर. दोन वर्षांपूर्वी न्हाव्याने पहिल्यांदा वस्तरा लावला तेव्हा तिचे खांदे धरून गिरिजाच बसली होती. थोरल्या जावेने धरायचे असतात, म्हणून. सगुणा तेव्हा हलली नव्हती. हलली असती तर बरं झालं असतं, असं गिरिजेला नंतर पुष्कळदा वाटलं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"तूप घरात आहे. लाडवांसाठी साठवलेलं सगळं काढते. सोयऱ्यांना लाडू नाही मिळाले तर काही मरत नाहीत ते. आणि मेले तरी काय, आपल्याकडे भटजी उपाय सांगतातच."

सगुणा हसली नाही. "वहिनी, केसांचं काय?"

गिरिजा वळली. ती दार उघडून ओसरीच्या उंबऱ्याशी गेली. "भटजी, हिचं वपन झालंय. लग्नाला अशी कशी उभी राहायची? त्याचं काय सांगितलंय?"

धोंडभटजींनी थोडा विचार केला. लबाड माणूस नव्हता तो. "ग्रंथात तिच्या केसांबद्दल काही नाही."

"लिहिणाऱ्याला घरी बायको नव्हती वाटतं. असती तर तिने विचारलं असतं."

"केस येतात, बाई," भटजी म्हणाले.

ती परत आत आली तेव्हा सगुणेचा हात आलवणाच्या आत होता. डोक्यावरून ती बोटं फिरवत होती, आंधळ्याने भिंत चाचपावी तशी.

"वैशाखापर्यंत बोटभर येतील," गिरिजा म्हणाली. "वरून पदर. पदराखालचं कुणाला दिसतंय?"

"मी जागा बघून ठेवली होती," सगुणा म्हणाली.

"कसली?"

"लग्नाच्या दिवशी बसायची. कोठीची खोली. दार लावून घेतलं तरी त्या झरोक्यातून बाहेरची पायरी दिसते. ठकू सासरी निघेल तेव्हा तिची पाठ दिसेल. तोंड नाही दिसणार. मी तिला परवा तिथून चालवून बघितलं. वळली तर एक गाल दिसतो. पण तिला वळ म्हणून कोण सांगणार?"

गिरिजा तिच्याजवळ बसली. सोवळ्यातल्या जावेला शिवायचं नसतं, हे विसरून तिने तिचा हात धरला.

तेवढ्यात ठकू सागरगोटे ओच्यात घेऊन आली. "काकू, ते बाहेर बसलेत ते कोण?"

"तुझे वडील."

"ते देवाघरी गेले ना?"

"तिथून आलेत."

"मग दाढी का वाढवलीय? देवाघरी न्हावी नसतो?"

"नसतो," सगुणा म्हणाली. "इकडे ये. तोंड का एवढं लाल झालंय तुझं? उन्हात खेळत होतीस?" तिने मुलीच्या कपाळाला उलटा हात लावला, मग मानेला. ताप नव्हता. तरी हात तिथेच राहिला.

*

विसाजीला गूळ गोड लागत नव्हता. जिभेवर अजून मीठच होतं.

हौदावर घागरी भरल्याचा आवाज, कुणाच्या तरी परसात गाईचं हंबरणं, फडावरून परतणाऱ्या माणसांच्या पायातल्या जोड्यांची करकर. याच आवाजांत तो वाढला. आणि त्याला काही वाटत नव्हतं. वाटावं म्हणून वाटेत त्याने पुष्कळ प्रयत्न केला होता. घाट चढून वर आल्यावर तो मुद्दाम थांबला होता, रडू येतं का बघायला.

तिथे, समुद्रावर, रडू यायला काही लागत नसे. गावाखाली कातळ संपतो तिथे समुद्र सुरू होत नाही. मध्ये काळ्या खडपांचा एक पट्टा असतो, भोकाभोकांचा, शिंपांनी धारदार झालेला, त्यावरून चालताना तळवे कापतात. त्यात एक घळ. भरतीला पाणी त्या घळीत शिरतं आणि आत कोंडून माडाएवढं उंच उडतं. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा त्याला वाटलं, आपण आजवर जे जे बोललो ते कुजबुजत बोललो. दोन वर्षांपूर्वी उपरणं वाऱ्याने गेलं. खडावा त्याने काढून ठेवल्या होत्या. कोळी ते घेऊन ओरडत गावाकडे धावले तेव्हा तो वरच्या कपारीत होता. हाक मारायला तोंडही उघडलं होतं. पण तोंडात एक ओवी होती. ती आधी पुरी करावी, मग हाक मारावी, असं त्याने ठरवलं.

मागे घर, पुढे पाणी। मध्ये मी नि माझी वाणी।
विसा म्हणे, कोण आणी। हाक परत॥

ओवी पुरी झाली तोवर कोळी दिसेनासे झाले होते.

आपल्या ओव्या त्याने कधी लिहून ठेवल्या नव्हत्या. बोरू हातात धरला की त्याच्यातला कारकून जागा व्हायचा. या घरात असताना, दर साली कोकणातल्या दर्शनाहून परतल्यावर, पहाटे सगुणा जात्यावर बसायची आणि तो शेजारी बसून ओवी सांगायचा; ती दळता दळता परत म्हणायची, चुकली की जातं थांबायचं. पहिले तीन अध्याय असे झाले. सगळे तिच्यापाशी होते. पुढचे दोन त्याने कपारीत एकट्याने रचले, पण ते रचताना मागचे झिजत गेले. एके सकाळी उठला तर पहिल्या अध्यायाची सुरुवातच आठवेना. दिवसभर कातळावर बसून राहिला. लाट यायची, जायची, आणि त्याला वाटायचं, हीच नेतेय.

आल्या आल्या दाराच्या फटीत त्याला लाल आलवणाचा काठ दिसला होता. त्याने मान फिरवून तुळशीकडे बघितलं होतं. तुळस वाळली होती.

"बारसं म्हणालात भटजी," तो म्हणाला. "म्हणजे नाव नवीन?"

"बारसं म्हणजे नाव आलंच. जुनं चितेवर गेलं."

"मग नको."

"काय नको?" त्र्यंबकपंत.

"तूप नको, नाव नको. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी 'विसा म्हणे' आहे. दुसऱ्या नावाच्या माणसाने ते रचलेलं नाही."

"अरे, आत तुझी बायको आहे!" त्र्यंबकपंत उभे राहिले. पागोटं मांडीवरून घरंगळत पायरीखाली गेलं. "तिचं काय झालंय ते बघितलंस? मी केलंय ते. भटजींनी सांगितलं, मी केलं. तुझ्या बायकोला, तुझ्या लेकीला, तुला. सगळ्यांना मी जाळलं. ऐक. लग्न मोडलं तरी चालेल. सोयरे गेले तर जाऊ देत, ठकूला दुसरं स्थळ बघेन. फडावर हसतील, हसू देत. पण तू काहिलीत बसायचं. मला तुला एकदा बाहेर काढू दे, विसा."

दाराआडून गिरिजा नवऱ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला रडताना तिने पाहिलं नव्हतं, पळसाच्या चितेपाशीसुद्धा नाही.

विसाजी तांब्यातल्या उरलेल्या पाण्याकडे बघत होता. "मी कशाला आलोय ते कुणी विचारलंच नाही."

"कशाला?"

"तिच्यापाशी माझे तीन अध्याय आहेत."

*

गिरिजेने दार मागे लोटून घेतलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. "देईल ती. आधी काहिलीत बसा, भावोजी. मग अध्याय."

"आधी अध्याय. मग बसतो."

"भटजींसमक्ष सांगा."

"भटजींसमक्ष सांगतो. शब्द देतो. नाव काय ठेवायचं ते ठेवा, मुंज करा, बसतो." तो पहिल्यांदाच घाईत बोलत होता.

सगुणेने हे ऐकलं. बसतो. एवढाच शब्द तिला हवा होता. त्या शब्दात वैशाख होता, मांडव होता, ठकूच्या ओंजळीखाली धरायचा आपला हात होता. तिने आलवण सावरलं आणि दाराच्या फटीशी सरकली. दोन वर्षांत हे अध्याय तिने मोठ्याने म्हटले नव्हते. पण कोठीच्या खोलीत तांदूळ निवडताना रोज ओठांतल्या ओठांत म्हटले होते, शिळे होऊ नयेत म्हणून. का, ते तिला माहीत नव्हतं. मेलेल्या माणसाचं एवढंच तिच्याकडे राहिलं होतं.

काळा कातळ उभा तीरी। लाट मारी माथ्यावरी।
तो न हले, न उत्तर करी। ऐकत राहे॥

आवाज आधी घोगरा निघाला. मग सुटला. ओसरीवर धोंडभटजींनी डोळे मिटले. ठकू आईच्या पाठीला टेकून बसली आणि सागरगोटे खेळायची थांबली. पहिला अध्याय झाला, दुसरा सुरू झाला. सगुणा म्हणत होती आणि फटीतून त्याचा चेहरा बघत होती. ठकूला गोवर आला होता तेव्हा तिच्या छातीची वरखाली जशी रात्ररात्र बघितली, तशी पापणी न लववता.

दुसऱ्या अध्यायात एक जागा होती. कड्यावरच्या एकट्या सुरूच्या झाडाला तो घरी ठेवून आलेली बायको म्हणतो. पूर्वी ही ओवी आली की तो मान वर करून तिच्याकडे बघायचा. ती ओवी आली. त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मान वर झाली नाही. विहिरीवर पाणी ओढणारा जसा फक्त दोराकडे बघतो तसा तो बघत होता, आणि हात भरभर दोर ओढत होते.

तिसरा अध्याय अर्धा झाला तेव्हा तिला कळलं. दिसतच होतं, फक्त तिने आतापर्यंत बघितलं नव्हतं. त्याचा एक पाय पायरीवरून खाली उतरला होता. गाठोडं त्याने मांडीवर घेतलं होतं.

ती थांबली.

"पुढे?" विसाजी म्हणाला.

"पुढचं मांडवात," सगुणा म्हणाली. दोन वर्षांनी ती त्याच्याशी बोलत होती. "तूप होऊ दे, बारसं होऊ दे, मुंज होऊ दे. अंतरपाट धरायच्या आधी म्हणून दाखवीन. सगळं येतंय मला. एक अक्षर गेलेलं नाही."

गिरिजेने दाराच्या फटीतून हात घालून तिचा हात दाबला. शाबास, असा.

विसाजीने डोळे मिटले. ओठ हलले, थांबले, परत हलले. बराच वेळ. मग त्याने डोळे उघडले आणि दाराकडे नाही, रस्त्याकडे बघितलं.

"तेवढं जुळेल," तो म्हणाला. स्वतःशीच म्हणाला. "समुद्रावर गेलो की जुळेल."

तो उठला.

"विसा! शब्द दिलायस!"

"मेलेल्याचा शब्द, दादा. कुठे धरता?"

त्र्यंबकपंत दोन पायऱ्या उतरले. हात पुढे झाला, भावाच्या दंडापर्यंत गेला आणि तिथेच हवेत थांबला. विसाजीचा पुन्हा जन्म झालेला नव्हता. प्रेताला शिवायचं नसतं. तेवढ्या थांबलेल्या क्षणात विसाजी अंगणाबाहेर पडला, आणि त्र्यंबकपंतांचा हात तसाच राहिला, कुणीतरी त्यात काही ठेवावं म्हणून पुढे केलेला असावा तसा.

"गेले परत देवाघरी?" ठकूने विचारलं.

गिरिजा उंबऱ्यात बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली, आवाज न करता, शेजारी ऐकतील म्हणून.

धोंडभटजींनी उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. जायचं तर होतं, पण पाय निघत नव्हता. "त्र्यंबकपंत, आता एक सांगावं लागेल. पुढल्या महिन्यात याची तिथी येते. जिवंत माणसाचं श्राद्ध मी चालवू शकत नाही. आणि श्राद्ध थांबवलं, तर का थांबवलं ते गाव विचारील."

"मग तो जिवंत आहे म्हणून सांगा," गिरिजा म्हणाली. "सांगा गावाला. हिला कुंकू लावते मी."

"पुन्हा लग्न लागल्याशिवाय कसलं कुंकू, बाई? जिवंत म्हटला तर ही विधवा नाही, आणि सवाष्णही नाही. आणि पोरीचा बाप मेला नाही, घर टाकून गेला, असं सोयऱ्यांना सांगावं लागेल." ते थांबले. "मी म्हातारा झालो. दुपारचं नीट दिसत नाही मला. इथे कुणी आलं होतं की नव्हतं, ते घरातल्यांनी ठरवा. तुम्ही म्हणाल ते मी पाहिलं."

त्र्यंबकपंत अंगणात उभे होते. एकदा त्यांनी हे ठरवलं होतं. दुसऱ्यांदा त्यांच्याच्याने होईना.

दार उघडलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सगुणा थोरल्या दिरांशी एक शब्द बोलली नव्हती. बोलायचं असलं तर गिरिजेच्या तोंडून. आता ती ठकूला पोटाशी धरून दारात उभी राहिली. मुलीचे दोन्ही कान तिने तळव्यांनी झाकले होते.

"कुणी आलं नव्हतं, भावोजी," ती म्हणाली. "तिथीला श्राद्ध करा."

त्र्यंबकपंत तिच्याकडे बघत राहिले. मग ते वळले, परसात विहिरीवर गेले, आणि मरणाची बातमी आल्यावर करतात तसं अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर घागरीमागून घागर ओतू लागले.